मागं कोण?

यासीनभाई गेले तो रविवार होता. सकाळी त्यांचा फोन आला नाही. थोड्या वेळाने मस्कतमधल्या हमरियाहून त्यांच्या भावाचा आला. सोमवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर दफन झालं. त्या दोन दिवसांच्या टूर आम्ही रद्द केल्या. मंगळवारची केली नाही.

आमचं काम सेगवे टूरचं. सेगवे म्हणजे दोन चाकांचं मशीन. चाकं सायकलसारखी पुढेमागे नसतात, शेजारी शेजारी असतात. मधे उभं राहायला फळी, समोर छातीपर्यंत येणारं हँडल. ॲक्सिलरेटर नाही, ब्रेकही नाही. पुढे झुकलं की मशीन पुढे जातं, मागे रेललं की थांबतं. ते बॅटरीवर चालतं आणि तोल स्वतःच सांभाळतं. माणसाने फक्त त्याला सांभाळू द्यायचं असतं. बहुतेकांना हेच जमत नाही. पहिल्या दहा मिनिटांत ते मशीनला मदत करायला जातात आणि मशीन गोंधळतं.

मत्राच्या मासळीबाजाराजवळ आमचं दुकान आहे. तिथून कॉर्निशने, म्हणजे समुद्राला लागून असलेल्या पायवाटेने, रियामपर्यंत आणि पुढे जुन्या मस्कतच्या बाजूला जायचं, किल्ले पाहायचे आणि परत यायचं. एका टूरला सहा पाहुणे आणि आमची दोन माणसं. एक पुढे, एक मागे. पुढचा रस्ता दाखवतो आणि बोलतो. मागचा बोलत नाही, तो बघतो.

यासीनभाई पुढे असायचे, मी मागे. बरीच वर्षं. ते दाभोळच्या बाजूचे, मी राजापूरचा. त्यांचा आवाज लाटांच्या वर ऐकू यायचा. मी इतिहासात एमए केलेलं आणि रिकाम्या वेळी दुकानात पुस्तक घेऊन बसायचो, म्हणून ते मला बुकवाले म्हणायचे. बंदराच्या कड्यावर जुन्या जहाजांच्या खलाशांनी जहाजांची नावं रंगवून ठेवली आहेत. त्या प्रत्येक नावाची एक गोष्ट यासीनभाईंकडे होती, आणि दर आठवड्याला ती बदलायची. संध्याकाळी मशीन चार्जिंगला लावताना मी त्यांना सांगायचो.

"यासीनभाई, पोर्तुगीज तोवर निघून गेले होते."

"मग एका दिवसासाठी परत आनले त्यांना. पावण्यांना आवडले. तुमचं काय जातंय ओ?"

मागच्या माणसाच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. त्याला पाहुण्यांचे चेहरे दिसत नाहीत, पाठी दिसतात. टाच फळीवरून उचलली गेली की माणूस घाबरला आहे. गुडघे ताठ झाले की दमला आहे. डोकं समुद्राकडे वळलं आणि खांदेही वळले, तर मशीनही वळणार. अशा वेळी मागच्याने शिट्टी वाजवायची. एक शिट्टी म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. कोणी उतरलं, काही पडलं, तर मागच्याने थांबायचं, उचलायचं, माणसाला पुन्हा चढवायचं. चढताना समोरून कोणाला तरी हँडल धरावंच लागतं. एकट्याने चढायचं नाही, हे आम्ही ट्रेनिंगमध्ये तीन वेळा सांगतो.

निघण्यापूर्वी यासीनभाई एक गोष्ट करायचे. हेल्मेटचा पट्टा लावायचा, समोर बघायचं आणि मागे न वळता ओरडायचं, "मागं कोण?"

मी म्हणायचो, "मी आहे."

मग ते निघायचे. पाहुण्यांना ते अरबी वाटायचं. एका बाईंनी ही दुआ आहे का म्हणून विचारलं होतं. यासीनभाईंनी हो म्हणून सांगितलं.

मंगळवारी सकाळी आमचे मॅनेजर नायर दुकानात आले. चांगला माणूस. यासीनभाईंच्या घरी दोन्ही दिवस येऊन बसला होता. पण मालकाला हिशोब त्यालाच द्यावा लागतो.

"रघू, आजसे तू आगे," ते म्हणाले.

"और पीछे?"

त्यांनी खिशातून फोन काढला. स्क्रीनवर मत्राचा नकाशा होता आणि दुकानाच्या जागी निळ्या ठिपक्यांचा एक झुबका. "ट्रॅकर. हर मशीन में एक. कौन किधर है, सब दिखता है. दूसरा आदमी लेने का जरूरत नहीं. तीन महिना ट्राय करते हैं."

"कोई गिर गया तो?"

"इतने साल में कौन गिरा?"

कोणी पडलं नाही याचं एक कारण मागे माणूस होता, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण तो माणूस मीच. स्वतःबद्दल असं बोलणं मला जमत नाही. मी फोन घेतला आणि हँडलला लावला.

त्या दिवशीचे पाहुणे असे होते. एक जर्मन जोडपं, दोघंही साठीतले, सराईत. आणि मस्कतजवळच्या अल खौदला राहणारं एक मराठी कुटुंब: अभिजित, त्यांची बायको मृणाल, कॉलेजात जाणारी मुलगी ईरा आणि अभिजितची आई, सांगलीहून आलेल्या. मी त्यांना काकू म्हटलं. सडपातळ बाई, पंजाबी ड्रेस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. तीन दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं.

"आई, तू टॅक्सीने पुढे ये ना," अभिजित म्हणाले. "आम्ही तिथे भेटतो."

"टॅक्सी सांगलीतही मिळते."

"आजी, इट्स नॉट लाइक स्कूटी," ईरा म्हणाली. "म्हणजे... बॅलन्स वेगळा असतो."

"तुझ्या बापाला सायकल मी शिकवली. तो किती वेळा पडला ते विचार."

मला वाटलं होतं, काकूंना वेळ लागेल. लागला नाही. पंधरा मिनिटांत त्या पार्किंगमध्ये आठाचा आकडा काढत होत्या. त्या सबंध नोकरीभर शाळेत पीटी शिकवत होत्या, हे मला नंतर कळलं. मशीनला मदत करायला त्या गेल्या नाहीत. मी त्यांना तसं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मुलांचंही असंच असतं."

ओळ लावली. माझ्यामागे जर्मन जोडपं, मग मृणाल, अभिजित, ईरा आणि शेवटी काकू. त्यांनी स्वतःच शेवटची जागा घेतली. मी हेल्मेटचा पट्टा लावला, समोर पाहिलं. पुढे उभा होतो, आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाने निघण्यापूर्वी काय म्हणायचं ते मी इतकी वर्षं ऐकलं होतं. तोंडातून आपोआप आलं.

"मागं कोण?"

"मी आहे," मागून आवाज आला.

मी निघालो.

इथे थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं यातून आलं. तो आवाज बाईचा होता आणि काकूंचा होता, हे मला कळलं होतं. मला गंमतही वाटली. पण प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, आणि माझ्या डोक्यातला जो भाग रोज त्या उत्तराची वाट बघायचा तो गप्प झाला. मागची काळजी मिटली. मी एकदाही वळलो नाही.

वळलो नाही तरी फोन समोर होता. कॉर्निशवर एकामागे एक ठिपके सरकत होते. मी मत्राच्या किल्ल्याबद्दल बोललो. यासीनभाईंसारखं नाही, खरं तेच बोललो. मागून जर्मन गृहस्थांची जांभई ऐकू आली. रियामच्या पुढे पायवाट थोडी चढते आणि मग उतरते. उतारावर मागे रेलून चालवायचं, हे मी हात वर करून सगळ्यांना सांगितलं. खाली कठड्यापाशी रुंद जागा आहे, तिथे थांबलो. बोटाने मोजलं. पाच.

फोनवर सहावा ठिपका उताराच्या वर होता. स्थिर.

"फोटो काढत असेल," अभिजित म्हणाले. "तिला समुद्राचं फार आहे."

ते शक्य होतं. त्या जागेवरून बंदर चांगलं दिसतं, सगळेच थांबतात. ठिपक्याकडे पाहून एवढंच कळत होतं की मशीन तिथे आहे. त्यावर माणूस उभा आहे का, हे कळत नव्हतं. मशीन उभं आहे की आडवं, हेही नाही. मी शिट्टी वाजवली. एरवी शिट्टी मागून पुढे यायची. ही पुढून मागे गेली आणि तिला कोणी उत्तर दिलं नाही.

ठिपका हलला नाही.

आता मला मागे जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. पाच जणांना चालू मशीनवर सोडून इन्स्ट्रक्टरने जायचं नाही, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. एका बाजूला कठडा आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला गाड्यांचा रस्ता. मी सगळ्यांना एकेक करून उतरवलं. प्रत्येकाचं हँडल धरून. मशीन बंद केली, कठड्याला टेकवली, चाव्या खिशात घातल्या. जर्मन बाई मात्र आधी उतरायला तयार नव्हत्या, त्यांना वाटलं टूर संपली.

"आई पडली का?" अभिजितने विचारलं. एव्हाना त्यांचा आवाज बदलला होता.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? मागे तुमचं कोणी नाही?"

"नाही."

ते उतारावरून वर धावत सुटले. मी मशीनवर होतो, त्यांच्या आधी पोचलो.

मशीन आडवं पडलं होतं. हँडल कठड्याच्या सळ्यांमध्ये अडकलं होतं. काकू दोन पावलांवर जमिनीवर बसल्या होत्या, पाय सरळ पुढे, पाठ ताठ. हेल्मेट डोक्यावर होतं. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने पोटाशी धरला होता. मांडीवर एक निळी पाण्याची बाटली होती.

"काकू."

"मनगट गेलंय," त्या म्हणाल्या. "बाकी ठीक आहे. डोकं आपटलं नाही."

"काय झालं?"

"ईराची बाटली पडली. चढावर. तिला पत्ता नाही, ती कानात ते घालून चाललेली. मी थांबले, उतरले, बाटली उचलली. मग चढायला गेले तर हे पळालं."

"एकट्याने चढायचं नाही, सांगितलं होतं ना काकू?"

"सांगितलंत. मी हाकही मारली. दोनदा. तुमचं किल्ल्याचं चाललं होतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा मुलगा साधी गोष्ट विसरला की शिक्षक बघतात तसं. "तुम्ही विचारलंत ना, मागं कोण? मी म्हटलं, मी आहे. मग मागे पडलेलं दुसरं कोण उचलणार? आमच्या सहलींना मी कायम शेवटी चालायचे. ओळीच्या शेवटी शिक्षक असतो, म्हणून तर विचारतात."

त्या प्रश्नाचा अर्थ त्यांनी माझ्यापेक्षा नीट घेतला होता.

अभिजित धापा टाकत आले. आईजवळ बसले, हात पाहिला, मग उठून माझ्याकडे वळले. "सहा माणसं घेऊन निघता आणि मागे एक माणूस ठेवत नाही? हा काय प्रकार आहे?"

"मागे मी होते," काकू म्हणाल्या.

"आई, तू गप्प बस."

"गप्पच आहे. पाणी दे. आणि ही बाटली त्या पोरीला दे, पुन्हा पाडू नको म्हणावं."

नायर गाडी घेऊन आले. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे निघाला. मनगटाचं हाड तडकलं होतं, सरकलं नव्हतं. प्लास्टर झालं. डॉक्टरांनी विमानाने जायला हरकत नाही असं सांगितलं. अभिजितने बाहेर नायरांना इंग्रजीत बरंच ऐकवलं आणि ते सगळं खरं होतं. नायरांनी सॉरी म्हटलं. एकदा ट्रॅकरचं नाव काढलं आणि पुढे बोलले नाहीत.

संध्याकाळी मालक दुकानात आले. ते ओमानी, वयस्कर. एरवी महिन्यातून एकदा येतात, कॉफी पितात आणि जातात. आम्ही त्यांना अर्बाब म्हणतो. नायरांनी फोनवर ठिपके दाखवले, त्या बाई कुठे होत्या ते दाखवलं. अर्बाबांनी फोन लांब धरून पाहिला.

"ये पॉइंट, ये औरत है?" त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं.

"ये मशीन है, अर्बाब."

"औरत किधर है?"

नायरांनी बोटांनी नकाशा मोठा केला.

"यासीन आगे, ये पीछे," अर्बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "अब आगे दूसरा लाओ. दो आदमी. नहीं तो खलास, दुकान बंद." त्यांनी फोन परत दिला. मग भिंतीवरच्या खुंट्यांकडे पाहिलं. यासीनभाईंचं हेल्मेट तिथेच होतं. "अल्ला यर्हमो," ते म्हणाले, म्हणजे अल्ला त्याच्यावर दया करो, आणि कॉफी न पिता गेले.

शुक्रवारी मी काकूंना भेटायला विमानतळावर गेलो. बोलावलं नव्हतं. अभिजितने नुसती मान हलवली. काकूंच्या प्लास्टरवर ईराने मराठीत आजीचं नाव लिहिलं होतं, त्यातल्या दोन वेलांट्या चुकल्या होत्या आणि काकूंनी त्या दुसऱ्या पेनाने दुरुस्त केल्या होत्या.

"ते विचारायची पद्धत कोणाची?" काकूंनी विचारलं. "मागं कोण, ती?"

"यासीनभाई म्हणून होते. पुढे ते असायचे. रविवारी गेले."

"कुठल्या रविवारी?"

"या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला त्या दिवशी कामावर उभं करायला नको होतं." एवढंच. डाव्या हाताने बॅगेचं हँडल धरलं आणि आत गेल्या.

या सगळ्यातून शिकण्यासारखं जे होतं ते आम्ही शिकलो. ट्रॅकर अजून मशीनमध्ये आहेत. बॅटरी किती उरली ते बघायला उपयोगी पडतात. मशीन कुठे आहे ते सांगतात, माणूस कसा आहे ते सांगत नाहीत. त्यासाठी त्याच्या टाचा दिसाव्या लागतात.

पुढे आता बुसैना असते. ओमानी मुलगी, अल खौदच्या विद्यापीठातून इतिहास शिकलेली, परवाना असलेली गाइड. हुशार आहे. पोर्तुगीजांना ती वेळेवर जाऊ देते. निघण्यापूर्वी ती पूर्ण मागे वळते, डोकी मोजते, माझ्याकडे बघून अंगठा वर करते आणि निघते. ही पद्धत जास्त बरोबर आहे.

पुढून आता कोणी विचारत नाही. मी मागे असतो.