आत्याची बाज

आमच्या आत्याला घरात कसलाही पसारा चालायचा, पण रात्री जमिनीवर अंथरलेली सतरंजी बिलकुल नाही. केदारखेड्याला आमच्या घरी वऱ्हाड उतरलं, तेव्हा तिने पाहुण्यांना झोपायला अख्ख्या गल्लीतून बाजा गोळा केल्या. रुसून सतरंजीवर बसलेल्या नवरदेवाच्या आजोबांनाही सोडलं नाही. "पाव्हणे, रुसायचं तर बाजंवर बसून रुसा," असं तोंडावर सांगितलं.

कारण होती मण्यार. आत्याचे यजमान जमिनीवर झोपले असताना त्यांना ती चावली आणि कुणाला वेळेवर कळलंच नाही. तिचा दंश मुंगी चावल्याइतकाही जाणवत नाही. पहाटे पोटात कळा आल्या, तर घरच्यांनी अजीर्ण समजून ओवा आणि गरम पाणी दिलं. दुपारी ते गेले. आत्या माहेरी आली ती ही धास्ती घेऊनच.

पण सापावर तिचा राग नव्हता, याचं मला अजून नवल वाटतं. एकदा अंगणातल्या विटांच्या ढिगात मण्यार दिसली आणि दादा काठी घेऊन धावला. आत्या आडवी आली. "दिवसा ती गरीब अस्ती रे. अंधार पडला की उंदरामागं निघती, दुसरे साप बी खाती. आपणच तिच्या वाटंत लोळून राह्यलो, मंग तिचा काय गुन्हा?"

सकाळी कुणी पोट दुखतं म्हटलं की आत्या त्याची हनुवटी धरायची. "वर बघ." मण्यारीच्या विषाने पापण्या जड होतात, म्हणून ही तपासणी. दादा कॉलेजात गेला तरी मुद्दाम पापण्या पाडून तिला चिडवायचा.

एका उन्हाळ्यात पुरणपोळ्यांवर ताव मारून, उकडतं म्हणून दादा गुपचूप फरशीवर झोपला. सकाळी पोट धरून उठला. आईने ओव्याचा डबा काढला. आत्या म्हणाली, "वर बघ." दादाच्या पापण्या उठेनात. आम्ही हसलो, नेहमीचीच नक्कल वाटली.

"नकला न्हाई करून राह्यला ह्यो! टेम्पो काढा, जल्दी!"

जालन्याच्या दवाखान्यात दादाला सापाच्या विषावरचं औषध दिलं, श्वासासाठी मशीन लावलं. आमचा दादा वाचला, तो आत्यामुळे.

मागच्या वर्षी आत्या म्हातारपणाने अंथरुणाला खिळली. शेवट जवळ आला तशी वडीलधारी मंडळी रीतीप्रमाणे म्हणाली, "आता खाली घ्या तिला." भुईवर घोंगडीही अंथरली गेली. दादा बाजेला धरून उभा राहिला. चुलत्यांनी समजावलं, कुणी रागावलंही. दादा रडत होता, पण हलला नाही.

"आत्याला भुईवर न्हाई झोपवायचं."

आत्या बाजेवरच गेली.