झेंडा वर हाय

अप्पा लाइनमन अकरा हजार व्होल्टच्या लाइनखाली खुशाल डबा खायचे, पण फुटबॉलला घाबरायचे. चेंडू गोलापाशी गेला की दुपट्टा डोळ्यांवर. "मले भेव लागते बे. झालं की सांग."

आम्ही सगळेच नवशिके. मी वीज उपकेंद्रावर ऑपरेटर, जोडीला गजू आणि मास्तर हे दोन मित्र. आमच्या मेहकर तालुक्यात क्रिकेट सोडून दुसरं काही पाहणं म्हणजे खूळच. पण वर्ल्ड कप लागला आणि मास्तरांच्या मोबाइलवर आम्हालाही ते लागलं. एकदा समालोचक "लाइनमन" म्हणाला आणि अप्पा दचकले. "त्यायच्यातबी लाइनमन असते का?" मास्तरांनी कडेने झेंडा घेऊन पळणारा माणूस दाखवला. त्याने झेंडा वर केला की झालेला गोलही रद्द होतो, हे कळल्यावर अप्पा भलतेच खूश झाले.

दुसऱ्या दिवसापासून तो आमचा कायदा. खांबावर चढण्याआधी अप्पांचा मला फोन: "झेंडा वर हाय. बटनले हात लावू नको." पाय जमिनीला टेकले की, "झेंडा खाली." एवढं कशाला, विचारलं तर म्हणाले, "खांबाले नाही भेत मी. तुह्या हाताले भेतो." मला तेव्हा रागच आला होता.

मग ती दुपार. जानेफळच्या लाइनवर तार तुटलेली, सप्लाय मी बंद केलेला, अप्पा खांबावर. आणि मी मूर्ख, ड्युटीवर दोघांना घेऊन मॅच पाहत बसलेलो. फोन आला. "तार जोडली..." एवढंच ऐकू आलं. पुढचं गजूच्या ओरडण्यात बुडालं. गोल झाला होता. त्याच नादात उठलो आणि सप्लाय चालू करायला हात बटणावर गेला. मास्तर माझ्यासमोर मोबाइल नाचवत होते. त्यात कडेचा तो माणूस, झेंडा वर करून उभा.

हात तिथेच थिजला. उलटा फोन लावला.

"अप्पा, झेंडा?"

"वरच हाय ना बे. सांगतलं ना तुले, तार जोडली, पण उतरलो नाही अजून."

मास्तरांना मोबाइल बंद करायला लावला आणि दोघांना घरी पाठवलं. संध्याकाळी अप्पांना सगळं कबूल केलं. ते दुपट्टा डोळ्यांवर ओढून बसून राहिले. समोर मॅच नव्हती.

नंतर मॅच पाहिल्या त्या फक्त अप्पांच्या घरी, सुट्टीच्या दिवशी.

निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी एक खांब चढून घेतलाच. फोन आला, "झेंडा खाली. कर चालू." माझं बोट पुढे जाईना.

"अप्पा, नक्की उतरले ना?"

"हाव बे. आता कायमचाच उतरलो."