ब्रेक कुणी खाल्ले?

मी चौथी नापास आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे शुद्धलेखनावरून कुणी माझी मान धरायला नको. ज्या मास्तरांनी मला नापास केलं त्यांना मी पुढे तीन वेळा माझ्या टँकरमधून फुकट पुण्याला सोडलं. तिन्ही वेळा ते डोळे मिटून देवाचं नाव घेत बसले होते. शाळा त्यांची असेल, घाट माझा होता.

एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. अर्धा भरलेला टँकर म्हणजे काय चीज असते ते चालवणाऱ्यालाच माहीत. तुम्ही ब्रेक मारता, गाडी थांबते, दूध थांबत नाही. ते मागून येतं आणि तुमच्या पाठीत बुक्की घालतं. म्हणून उतारावर ब्रेकच्या नादी लागायचं नाही, खालचा गिअर टाकायचा आणि गाडी गिअरवर उतरवायची. खंबाटकी मी अशीच उतरत आलो. माझे ब्रेक इतरांच्या दुप्पट चालायचे. मालक नव्या ड्रायव्हरांना माझी चाकं उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, "शिका जरा."

असा मी आता टेक्सासात, फ्रिस्को नावाच्या गावी, मुलाकडे राहतो. इथे घाट सोडा, चढ म्हणून दाखवायला एक स्पीड ब्रेकर आहे. आणि अशा परातीसारख्या सपाट गावात माझ्या गाडीचे ब्रेक आठ महिन्यांत दुसऱ्यांदा गेले.

गाडी मुलाची जुनी. त्याने विजेवरची नवी घेतली तेव्हा ही माझ्याकडे आली. हिच्यावर माझं एकच काम, तीन वाजता नातीला शाळेतून आणायचं. या घरात मला दुसरं काम उरलेलंच नाही. भांडी मशीन घासतं, केर एक तबकडी काढते, भाजी दारात येऊन पडते. मीठ संपलं तर तेही माझ्याआधी फोनला कळतं. तेव्हा तीन वाजायची मी दहापासून वाट बघतो. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

तर त्या संध्याकाळी गाडी दारात वळवताना चाकातून असा आवाज आला की शेजारच्यांचं कुत्रं घरात पळालं. जेवताना मुलाने विषय काढला.

"अण्णा, आठ महिन्यांपूर्वी तर ब्रेक चेंज केले होते."

"त्या भामट्याने बदललेच नसतील."

"कोणत्या भामट्याने? तो तुम्हीच शोधला होता. वाण्याच्या दुकानामागचा. आपला माणूस आहे म्हणून."

"आपला माणूसच आपल्याला नीट फसवतो. बाहेरच्याला एवढी माहिती नसते."

माझी सूनबाई नागपूरची. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा तिला पगार मिळतो, घरात ते काम ती फुकट करते. ती म्हणाली, "अण्णा, परवा मी तुमच्या मागेच होते ना. तुमचे मागचे लाल दिवे सारखे लागलेले होते. पूर्ण रस्ताभर."

"वायरिंग असेल," मी म्हणालो आणि भात मागितला.

मुलगा म्हणाला, "शुक्रवारपर्यंत नीट करून आणा. तोपर्यंत पोरगी तुमच्या गाडीत बसणार नाही. आणि परत असं झालं तर गाडी विकून टाकू. कुठे जायचं असेल तर मी राइड बुक करून देत जाईन."

"म्हणजे मी मागे बसायचं?"

"सगळे बसतात, यार अण्णा."

एकतीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला पोटचा पोरगा मागे बसायला सांगतो. नात म्हणाली, "आजोबा, इट्स ओके. यू कॅन सिट विथ मी." ते जास्तच लागलं.

मुलाने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, चांगलं गॅरेज कोणतं? अर्ध्या तासात एकोणीस उत्तरं. एकाने गॅरेजच्या नावापुढचे तारे मोजायला सांगितले, एकाने तक्ता पाठवला, एकाने ब्रेक हे आत्मसंयमाचं प्रतीक आहे असा सुविचार टाकला. एकोणिसांपैकी एकानेही जन्मात ब्रेक दुरुस्त करून घेतलेला नव्हता. यांच्या गाड्या भाडेपट्ट्याच्या, तीन वर्षांनी परत जातात आणि नव्या येतात. ज्याने कधी भाकरी थापली नाही त्याला पीठ कुठलं चांगलं विचारून काय उपयोग? तरी पाच-सहा जणांनी एकाच मोठ्या गॅरेजचं नाव घेतलं, म्हणून गेलो.

जायच्या आधी मात्र मी माझी खबरदारी घेतली. सूनबाईची लाल नेलपॉलिश उचलली आणि चारही चाकांच्या नटांवर एकेक रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी चाकावर. नट फिरला की रेघ तुटते. आमच्या लाइनीत ऑइलपेंटने करायचो. नात खिडकीतून बघत होती. तिने आत जाऊन आईला सांगितलं की आजोबा कारला मॅनिक्युअर करतायत.

ते गॅरेज म्हणजे दवाखान्याचा बाप. काचेची दारं, कॉफी, मासिकं, थंडी. दीड तासाने इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस हातात पाटी घेऊन आला आणि हळू आवाजात बोलायला लागला, जसं काही आतमध्ये कुणी गेलंय. चारही चाकं काढून तपासली म्हणे. पॅड, डिस्क, कॅलिपर, सगळं संपलं. सगळं नवं घालावं लागेल.

मी उठलो. त्याला गाडीपाशी नेलं. खाली वाकून नटावर बोट ठेवलं. वीसच्या वीस रेघा नव्या नवरीच्या कुंकवासारख्या शाबूत.

"यू ओपन?" मी विचारलं.

"येस सर, ऑल फोर."

"व्हील ओपन, रेड लाइन ब्रेक. रेड लाइन नो ब्रेक. यू नो ओपन."

माझं इंग्रजी एवढंच, पण त्या दिवशी पुरलं. तो लाल झाला, मग आतून कॅमेऱ्याने बघितलं वगैरे बोलायला लागला. मी चावी घेतली आणि निघालो. कॉफीचा दुसरा कप मात्र भरून घेतला.

आता गुरुवार उजाडला. मी दारासमोरच्या ओट्यावर बसून विचार केला. हायवेला जेवायला कुठे थांबायचं हे आम्ही पाटी वाचून ठरवत नव्हतो, वाचता कुणाला येत होतं? ट्रक कुठे उभे आहेत ते बघायचो. ज्याचं पोट रस्त्यावर आहे तो वाईट डाळ खात नाही. मग या गावात पोट गाडीवर कुणाचं आहे? सॉफ्टवेअरवाल्यांचं तर नाही, ते खुर्चीवरून हलत नाहीत. तेवढ्यात समोर गवत कापणाऱ्यांची पिकअप आली, मागे ट्रेलर, त्यावर यंत्रं. आणि थांबताना, बाबा रे, लोण्यातून सुरी गेल्यासारखी थांबली. आवाज नाही, धक्का नाही.

मी उठून त्यांच्या म्होरक्याकडे गेलो. माझ्याच वयाचा, मोठी टोपी घातलेला. त्याला इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे आमचं छान जमलं. मी त्याच्या चाकाकडे बोट दाखवलं, पाय दाबून दाखवला, अंगठा वर केला आणि "व्हेअर?" म्हणालो. तो हसला. खिशातून पावती काढून मागच्या बाजूला नकाशा काढून दिला. रेल्वेचे रूळ, चर्च, चर्चच्या मागे एक चौकोन. चौकोनापाशी त्याने वेणीसारखं काहीतरी काढलं. मला वाटलं, झाड असेल.

झाड नव्हतं, बाई होती. साठीची, जाडजूड, पांढरी वेणी कमरेपर्यंत, हात कोपरापर्यंत काळे. पत्र्याची शेड, भोवती दहा-बारा पिकअप, कॉफी नाही. मी गेटमधून आत शिरलो तेव्हापासून ती माझ्या गाडीकडे बघत होती. गाडीकडे म्हणजे गाडीच्या ढुंगणाकडे. मला उतरूही न देता हाताने खूण केली, पुढे जा. गेलो. मागे ये. आलो. गोल फीर. फिरलो. मनात म्हणालो, बाई, ब्रेक दाखवायला आलोय, मुलगी बघायला नाही.

मग तिने चाकं काढली. माझ्या डोळ्यांसमोर. रेघा तुटल्या, बरं वाटलं. पॅड काढून माझ्या हातात दिले. मी म्हणणार होतो, बघा, त्या भामट्याने कसला माल घातला. पण आधी ते उलटसुलट करून बघितले.

पॅड म्हणजे मला वाचता येणारं पुस्तक. माल चांगला होता. डावं-उजवं सारखंच झिजलेलं, वरून काचेसारखं चकाकणारं. डिस्कवर तापून आलेली निळी झाक. एका बाजूने झिजलं तर दोष पॅड आवळणाऱ्या कॅलिपरचा. चुरा झाला तर मालाचा. पण सगळं सारखं, भाजून, तुकतुकीत झालं असेल तर दोष एकाचाच. हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवलंय. वर शिव्याही घातल्यात.

बाईने माझ्याकडे बघितलं. दार उघडून माझ्या डाव्या पायाला बोट लावलं. "दिस वन," ती म्हणाली. मग मागच्या लाल दिव्यांकडे बोट दाखवलं. "ऑल द टाइम."

आता सांगावंच लागेल. ही क्लच नसलेली गाडी पहिल्यांदा हातात आली तेव्हा माझ्या डाव्या पायाला काम उरलं नाही. एकतीस वर्षं मीठ-भाकर कमावलेला पाय नुसता बसून राहणार? मला ते बघवेना. मी त्याला ब्रेक दिला. उजव्याने पळवायचं, डाव्याने थांबवायचं, वाटणी बरोबर. अमेरिकेला हे सुचलं नाही याचं मला नवल वाटायचं. पण क्लचवर वाढलेला तो पाय, त्याला तयारीत राहायची सवय. मी समजत होतो तो हवेत आहे. तो ब्रेकवर टेकलेला होता. घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून घरापर्यंत.

बाईने पायाच्या डाव्या बाजूला असलेल्या एका तिरक्या पाटावर थाप मारली. मी तो इतके दिवस गाडीचा मोडका भाग समजत होतो. "ही स्लीप्स हिअर," ती म्हणाली. माझ्या पायाला इंग्रजीत पहिल्यांदाच कुणी माणसासारखं 'तो' म्हणालं.

मी विचारलं, "डिस्क? कॅलिपर? ऑल न्यू?"

तिने मान हलवली. डिस्क घासून चालेल, कॅलिपर ठीक आहे, फक्त पॅड. त्या इस्त्रीच्या शर्टाला सगळं विकायचं होतं, हिला पॅडसुद्धा नाइलाजाने विकावे लागत होते. माझ्या तोंडावर मला चूक म्हणणारा मेकॅनिक मी आयुष्यात दुसरा बघितला नाही.

जुने पॅड पिशवीत घालून घरी आलो. वाटेत बोलायचं ठरवून टाकलं होतं, हलका माल निघाला, वाण्यामागच्या भामट्याचं काम. मुलगा खात्रीने मानणार, त्याला पॅड आणि पाटवडी यातला फरक कळत नाही.

त्याने विचारलं, "काय निघालं, अण्णा?"

मी पिशवी टेबलावर ठेवली. नात बाजूला उभी होती, दप्तर पाठीवरच. इस्त्रीच्या शर्टाला मी रेघा दाखवून आलो होतो. आता या पॅडवर लिहिलेलं मुद्दाम चुकीचं वाचायचं म्हणजे मी आणि तो एकाच दुकानातले.

"पाय निघाला," मी म्हणालो. "माझा. डावा."

सगळं सांगितलं. सूनबाई म्हणाली, "मी म्हटलंच होतं ना, दिवे."

"म्हटलं होतंस तर जोरात म्हणायचं."

मुलगा हसायला लागला तो थांबेना. डोळे पुसत म्हणाला, "गाडी विकत नाही. पण एक आठवडा ही तुमच्या शेजारी बसून पाय बघणार. मग पोरगी."

तर आठवडाभर दुपारची मीटिंग कॅन्सल करून सूनबाई माझी क्लीनर झाली. मान खाली घालून पायाकडे बघत बसायची. टँकरवरचे क्लीनर झोपायचे, ही झोपत नव्हती. दोन दिवसांत तिने अकरा वेळा ओरडून पाय काढायला लावला. तिसऱ्या दिवशी मी डाव्या पायातला बूट काढून ठेवला. अनवाणी पायाला पाटाचं रबर लागतं, मग तो तिथेच राहतो. ही युक्ती माझी, कुणाची नाही. आठवडा संपला तेव्हा ती म्हणाली, "पास, अण्णा." तिसरीनंतर पहिल्यांदाच.

राहिला तो वाण्यामागचा. त्याला मी गावभर भामटा म्हणून फिरलो होतो, देवळाच्या रांगेतसुद्धा. माल त्याने चोख घातला होता. जाणं भाग होतं. गेलो. तो म्हणाला, "आओ अंकल, बहुत दिन बाद." माफी मागायची मला सवय नाही आणि या वयात नव्या सवयी लावून घ्यायच्या नसतात. मी चारही चाकांत हवा भरून घेतली. हवेची गरज नव्हती. मग देवळाच्या रांगेत उभा राहून पुढच्या-मागच्या सहा जणांना सांगितलं, हवा भरावी तर त्याच्याकडेच.

सोमवारी नात गाडीत बसली. शाळेसमोरच्या रांगेतून आम्ही बाहेर पडत होतो, तेवढ्यात मागच्या पांढऱ्या गाडीने हॉर्न मारला. मी खाली बघितलं. डावा पाय अनवाणी, पाटावर, साधूसारखा बसलेला. म्हणजे चूक माझी नव्हती.

मग मी काच खाली केली, मुंडकं बाहेर काढलं आणि त्याला खंबाटकीच्या भाषेत जे काय सांगायचं ते सांगितलं.

"आजोबा, व्हॉट डिड यू से?"

"त्याला म्हटलं, दिवे बघ माझे," मी काच वर करत म्हणालो. "बंद आहेत."