आबुसची एक शिंक

आबुसनं अस्वलाच्या जितक्या गोष्टी सांगितल्या, तितकी अस्वलं काही त्या डोंगरात नसतील. वाट जिथं डोंगरात शिरते, तिथंच तिची टपरी. आलं घातलेला चहा, पानात बांधलेला चिकट भात, उकडलेली अंडी. शहरातले लोक पाठीवर रंगीबेरंगी पिशव्या अडकवून यायचे आणि वर जायच्या आधी हमखास विचारायचे, मावशी, वर काळं अस्वल दिसतं का? झालं. हातातला झारा खाली ठेवून बाई सुरू. त्याच्या छातीवरची चंद्रकोर कशी दिसते, ओकच्या झाडावर चढून फांद्या मोडून ते बसायला कशी गादी करतं, पिल्लानं हट्ट केला की कशी चापट देतं. ऐकणाऱ्याला वाटावं, अस्वल हिच्याकडे रोज अंडी न्यायला येतं.

आणि खरं काय? उभ्या जन्मात तिनं जिवंत अस्वल पाहिलं नव्हतं. सगळा माल नवऱ्याचा. लिनी बावीस वर्षं अस्वलांची मोजदाद करणाऱ्या लोकांचं सामान वर वाहून नेत होता. वेताची करंडी पाठीवर, तिचा पट्टा कपाळावर, पायात गमबूट. तो बोलणारा नव्हे. घरी येऊन सांगायचा, "झाडावर होतं. उतरलं. गेलं." एवढ्याशा पिठाच्या आबुस तासभर पोळ्या लाटायची.

पण आतून तिला लागायचं. वरून परतलेली कुणी पोरगी टपरीवर येऊन म्हणायची, मावशी, दिसलं हो! आबुस हसून तिला एक अंडं जास्तीचं द्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. त्यात तिची आजी जन्मलेली वर डोंगरात, दाफन गावी. जपान्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांनी डोंगरातली गावंच्या गावं खाली आणून बसवली, आजी तेव्हा आठ वर्षांची. तिथल्या घरांच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत, भोवती ओक माजलेत, आणि थंडीत त्यांची फळं पिकली की अस्वलं नेमकी तिथंच जमतात. "माझ्या आजीच्या अंगणात त्यांच्या पंगती उठतात," आबुस म्हणायची, "आणि नातीला आवतण नाही."

सत्तरी आली तसं लिनीनं ओझी वाहणं सोडलं. त्या शरदात एका संध्याकाळी, तुरीचे दाणे घातलेला डुकराच्या हाडांचा रस्सा ओरपता ओरपता तो म्हणाला, "या थंडीत जरा वर फिरून येऊ. दोघं." आणि पुन्हा वाडग्यात तोंड घातलं.

आबुस समजली. त्यांच्या जमातीची, बुनुन माणसं डोंगरात जायचा बेत बोलून दाखवत नाहीत. जरा फिरून येतो, एवढंच म्हणायचं. जनावराचं तर नावच काढायचं नाही. डोंगराला ऐकू गेलं की बेत फिसकटला. दुसरा नियम शिंकेचा. निघताना कुणी शिंकलं की ओझं खाली, त्या दिवशी जाणं नाही. खालच्या बाजूनं वारा सुटला तरी तोच न्याय, आणि मग तो कुणाचा यावरून भांडण वेगळं. पाद्री रविवारी सांगतात की ह्या सगळ्या जुन्या खुळचट समजुती. मागच्या वर्षी पाद्रीच शिकारीला निघाले होते. मेव्हणा शिंकला आणि सगळ्यांच्या आधी पाद्री घरात.

आता आबुसला सांगायचं की गप्प बस, म्हणजे ओढ्याला सांगायचं की थांब. तिनं खरंच कुणाला काही सांगितलं नाही. फक्त नवे गमबूट घालून चर्चला गेली. फक्त पाठीवर रताळ्यांचं पोतं बांधून चर्चच्या एक्केचाळीस पायऱ्या रोज चार वेळा चढायला लागली. शनिवारपर्यंत गावातल्या कुत्र्यांनासुद्धा कळलं. नणंद वालिस तर टपरीवर येऊनच बसली. म्हणाली, "वहिनी, पहिल्या मुक्कामाला तू तोंड उघडलंस की तिकडची सगळी जनावरं समुद्राकडे पळतील. दादाला सांगते, हिच्या तोंडाला फडकं बांधून ने."

"चाळीस वर्षं ऐकतोय तुझा दादा," आबुस म्हणाली. "तो कुठं पळाला?"

लिनीनं वर जायच्या परवान्यावर दोघांची नावं घातली, तिन्ही मुक्कामांच्या झोपड्यांत जागा धरल्या. आबुसनं लाल जाकीट विकत आणलं. त्यानं ते पाहिलं आणि आपलं जुनं खाकी जाकीट तिच्या खुंटीला अडकवलं. मग तिला गप्प बसायची सवय लावायला ओढ्याकाठी नेलं. तीनशे आकडे मनात मोजायचे, चकार शब्द काढायचा नाही. चौऱ्याऐंशीपर्यंत ती छान गेली. मग तिला राहवेना, चौऱ्याऐंशी झाले हे सांगितल्यावाचून. लिनी हसून हसून दगडावरून घसरला. त्या पंधरवड्यात दोघं इतकी हसली की वालिसला संशय यायला लागला.

निघायला तीन दिवस उरले असताना आबुस अंडी गोळा करायला खुराड्यामागं गेली. लिनी पाठीवर काहीतरी घेऊन वरच्या मळ्याच्या चढाला लागला होता. ओझं ताडपत्रीनं झाकलेलं, भलंमोठं. ती बोलावणार, तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. पाय थरथरत होते. तिनं पावलं मोजली. अकरा. मग तो बांधाला टेकला, ओझं घसरू दिलं, खाली बसला आणि दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरला. त्याचा चेहरा असा तिनं कधी पाहिला नव्हता, त्याची आई गेली तेव्हासुद्धा.

तिची चाहूल लागली तसा तो उठला. "पट्टा नीट बसला नाही," म्हणाला.

"जुनाच झालाय तो," ती म्हणाली, आणि अंडी न घेताच परत फिरली.

दोन दिवस तिच्या डोक्यात भुंगा. वर तीन दिवसांची चाल. ज्या माणसाच्या मागं बावीस वर्षं सगळे चालले, तो आता अर्ध्या वाटेवर बसणार आणि परक्या पोरांसमोर म्हणणार, मला जमत नाही? तो म्हणायचाच नाही. मोडेल, पण म्हणायचा नाही. विचारावं, तर निघण्याआधी लंगडण्याची, पडण्याची गोष्ट काढणं म्हणजे ती बोलावून आणणं. आणि विचारलं असतं तरी पट्टाच पुढं आला असता. तिला अस्वल हवं होतं, फार हवं होतं. पण नवऱ्याची मान खाली जाऊन नको होतं.

निघायचा दिवस. अंगणात पुतण्या तियांग छोटा ट्रक सुरू करून बसलेला. वालिस पानात बांधलेला भात देत होती आणि देता देता टोमणेही. लिनीनं करंडी पाठीला लावली, पट्टा कपाळावर घेतला आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

आबुस शिंकली.

एकच, पण अशी की खुराड्यातला कोंबडा आरवायचा थांबला. लोक म्हणतात कुठं माशी शिंकली. इथं बायको शिंकली. वालिसचा हात भातासकट तसाच. तियांगनं गाडी बंद केली. लिनीनं वळून आबुसकडे पाहिलं, बराच वेळ. मग कपाळावरचा पट्टा काढला, करंडी भिंतीशी ठेवली. "राहू दे आज," म्हणाला.

परवान्याची तारीख गेली. दुसरा काढता आला असता. तो काढेल म्हणून ती वाट बघत राहिली, ती विषय काढेल म्हणून तो. वरची फळं संपली. पुढच्या शरदात लिनी एकदा म्हणाला, यंदा हवा बरी आहे. तो गुडघा चोळत होता, ते बघून आबुस म्हणाली, टपरीवर फार गर्दी आहे. मग वादळ आलं. त्यानं झुलता पूल नेला, पलीकडचा अर्धा डोंगर खाली आणला, आणि वाट सगळ्यांना बंद झाली. टपरीचा धंदाही बसला. मग लिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग काठी. अशी तीन वर्षं गेली, आणि घरात हसणंही जरा कमीच झालं.

मोजदादवाल्या मोजक्या माणसांना मात्र खास परवानगीनं, लांबच्या वाटेनं वर जाता यायचं. त्यांची ओझी आता तियांग वाहायचा. एक दिवस तो आला आणि म्हणाला, काकू, काकांची ती लाकडी चौकट नेतो, मला कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बांधायच्यात. खुराड्यामागची ताडपत्री त्यानं ओढली. आतून निघाली पाठीवर बांधायची चौकट, मधोमध बसायला फळी, फळीवर शिवलेली गादी. गादीचं कापड आबुसनं ओळखलं. तिचाच जुना घागरा. तो हरवला म्हणून तिनं वालिसवर आळ घेतला होता.

"हे काय रे?"

"तुझी खुर्ची," तियांग म्हणाला. "तुला ठाऊक नाही?"

मग तो चौकट पुसत पुसत सांगत गेला, आणि ती ऐकत गेली. दाफनच्या आधीची शेवटची चढण काकूला झेपायची नाही, असं काकांच्या मनानं घेतलेलं. तेवढी तिला पाठीवर न्यायची म्हणून चौकट केली. तिच्या वजनाची तांदळाची पोती बांधून मळ्याच्या चढावर करून पाहिलं, तर अकरा पावलांत खाली बसले. त्याच संध्याकाळी तियांगच्या दारी गेले. म्हणाले, माझ्यानं होत नाही, तू चल.

"काका असं म्हणाले?" आबुसनं विचारलं.

"हो ना. मीच चाट पडलो. मी रजा घेतली, परवान्यावर माझंही नाव चढवलं, माझी करंडी आणि ही चौकट गाडीत मागं तयार होती. काकांच्या करंडीत नुसत्या रजया होत्या, सगळं ओझं माझ्याकडे." तो हसला. "साठ किलोची पोती बांधली होती त्यांनी."

साठ! आबुसनं पंचविशीत शेवटचे साठ पाहिले होते. दुसरी कुठली वेळ असती तर ह्यावर तिनं आठवडा काढला असता. तिच्या कानात एकच वाक्य अडकलं होतं, माझ्यानं होत नाही. ज्याच्या तोंडून ते कधी निघायचं नाही म्हणून ती शिंकली, त्यानं ते तीन दिवस आधीच, तिच्यासाठी, पुतण्याच्या दारात उभं राहून म्हटलं होतं. जी मान तिनं राखली, ती त्यानं आपल्या हातानं केव्हाच वाकवली होती.

लिनी ओसरीवर सुपात तुरीच्या शेंगा सोलत होता. ती पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"ती शिंक खोटी होती," म्हणाली.

"माहीत आहे," तो मान वर न करता म्हणाला. "तू शिंकतेस तेव्हा तीन शिंकतेस. एक कधी ऐकली नाही."

"मग ओझं खाली का ठेवलंस?"

"मला वाटलं, तुला यायचं नाही. घाबरली असशील. गावभर करून बसलेली, आता नाही कसं म्हणणार, म्हणून शिंकलीस."

"मी घाबरले? अरे, तुझा गुडघा बघितला मी. खुराड्यामागं. अकरा पावलं मोजली."

लिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "विचारायचंस," तो म्हणाला.

"तू विचारायचंस."

त्यानं ती शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. मग तो म्हणाला, रागानं नव्हे, दमल्यासारखा, "जन्मभर बडबडलीस, आबुस. आणि बोलायचं तिथं शिंकलीस."

आबुस त्याच्याशेजारी बसली आणि शेंगा सोलायला लागली. किडके दाणे चांगल्यात जात होते, तो मुकाट्यानं वेचून काढत होता.

तीन आठवड्यांनी तियांग वरून परतला तो सरळ ओसरीवर. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात सापडलंय म्हणाला, आणि मोबाइल काकूपुढं धरला. आबुसनं चष्मा लावला. भर उन्हात एक दगडी भिंत, तिच्यामागं ओक, आणि ओकखाली बूड टेकून बसलेलं काळं, गलेलठ्ठ अस्वल. फळं खात होतं, एकेक, कुठं जायची घाई नसल्यासारखं. छातीवरची कोर ती सांगायची त्याहून बारीक होती. तियांग तिच्या तोंडाकडे बघत होता, आता काय काय ऐकायला मिळतंय म्हणून.

आबुस अस्वलाकडे बघतच नव्हती. तिनं त्याला चित्र थांबवायला लावलं आणि भिंतीच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. तिथून एक वाट खाली उतरत होती. चपट्या दगडांच्या ठेंगण्या पायऱ्या, मधूनमधून गवत.

"ही शेवटची चढण?"

"हीच," तियांग म्हणाला.

तिनं बोट वरपासून खालपर्यंत नेलं, परत वर आणलं. ओठ हलत होते, पायऱ्या मोजत असावी.

"ही तर मी चढले असते," ती म्हणाली.

लिनीनं सूप बाजूला ठेवलं. काठी टेकत उठला, तिच्या खांद्यावरून वाकून त्यानं ती वाट पाहिली. बावीस वर्षं तो ती चढला होता, पाठीवर कायम ओझं असताना.

"हो," तो म्हणाला. "चढली असतीस."