घागरींचा क्लास

अनंताच्या दोऱ्याला गाठी असाव्यात, तशा एवाताईंच्या गोष्टी माझ्यापाशी साठल्यात. एक सांगायला घेतली की दुसरी आपोआप हाताला लागते!

एवाताई मूळच्या हंगेरीच्या. व्हायोलिन वाजवायच्या, चित्रं काढायच्या. जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास करायला आधी नांदेडला आल्या, मग लातूरला आमच्या गल्लीत, आणि इथल्याच झाल्या. बायकांच्या गाण्यासाठी शाळेच्या हेडमास्तरांनी त्यांना एक खोली दिली, पण अट घालून. "नव्या लातूर जिल्ह्याच्या समारंभात तुमच्या बायका स्टेजवर उभ्या राहिल्या, तर खोली कायमची. न्हाईतर किल्ली परत!"

*

पहिल्या दिवशी आम्ही अकराजणी गेलो. 'सा' लावतोय तोच पाण्याच्या टँकरचा हॉर्न! खोली रिकामी. मागून एवाताई व्हायोलिन घेऊन पळत आल्या. किराणा दुकानवाल्या शांताकाकू रांगेतून ओरडल्या, "ताई, गळा मागून, आधी घागर!"

दुसऱ्या दिवसापासून क्लास रांगेतच!

*

तिथं त्यांनी रिकाम्या घागरी वाजवून पाहिल्या आणि सुराप्रमाणं लावून टाकल्या. नंबर सगळे उलटेपालटे!

"माझा नंबर दुसरा व्हता!" काकू भडकल्या.

"काकू, तुमची घागर पंचम आहे. पाचवी."

"आन् पाणी सरल्यावर? पंचम पिऊन राहू का?"

*

एकदा त्यांनी सगळ्यांची चित्रं काढून खोलीत टांगली. काकू दचकल्या, "अगं बया, डोईवर पदर न्हाई! सासूबाई बघतील की!" एवाताईंनी लगेच चित्रात डोईवर पदर रंगवून दिला. तरी सासूबाई आल्याच. चष्मा पुसत सगळी भिंत पाहिली आणि म्हणाल्या, "माझं का न्हाई काढलं?"

त्या आमच्या बाराव्या!

*

पाऊस काही येईना. मीच सगळ्यांना गळ घातली, "श्रावणातले सोमवार मौन धरू, संध्याकाळी उपास सोडेपर्यंत. महादेव ऐकंल." सगळ्यांनी धरलं. आणि समारंभ ठरला नेमका सोमवारी, दुपारी! मला तर रडूच कोसळलं. खोली गेली माझ्यामुळं!

एवाताई म्हणाल्या, "देवाला दिलेला शब्द मोडायचा नाही. घागरी आणा."

मांडव गच्च भरलेला. आम्ही बाराजणी घागरी घेऊन बसलो. एवाताई माइकपाशी गेल्या. आता त्या एकट्या गाणार, असं आम्हाला वाटलं. हेडमास्तर खालून खुणावत होते, "गा ना ताई!"

त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांनीही सकाळपासून मौन धरलेलं!

मग त्यांनी व्हायोलिन उचललं. आमच्या घागरी अशा घुमल्या की पुढारीसुद्धा ताल धरू लागले. काकूंचा पंचम एकदाही चुकला नाही!

हेडमास्तर धावत स्टेजवर आले. एवाताईंच्या हातावर आपल्याजवळची दुसरी किल्लीही ठेवली आणि हसून म्हणाले, "खोली तुमची! पण खरं सांगा, इतक्या दिवसांत यांना एक तरी गाणं शिकवलं का?"

आम्ही तेराजणी गप्प!