टार्निटच्या गराजमधला कौल

मंडळी, आधीच सांगून टाकतो. भूत, भानामती, अंगात येणं यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मुद्दाम अमावास्येला नखं कापणारा माणूस आहे मी. डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगमागच्या चिंचेवर हडळ राहते म्हणायचे. मी त्याच चिंचेच्या फांदीवर बसून बारावीचा अभ्यास केला... आणि पास झालो. खरा चमत्कार असेल तर तो एवढाच.

आणखी एक. मेलबर्नच्या मित्रमंडळीत मला 'भागिले तीन' म्हणतात. म्हणजे मंदारने नऊ फुटांचा साप सांगितला की ऐकणाऱ्याने तीन फुटांचा धरायचा. तर हा किस्सा मी घरूनच भागून आणलाय. तुम्ही पुन्हा भागू नका, काही उरणार नाही.

आम्ही राहतो टार्निटला. मेलबर्नच्या पश्चिमेला नव्या घरांची वसाहत, आणि सगळी घरं अशी जुळी की शेजारच्या गुरप्रीतच्या दाराला मी किल्ली लावून वर चिडलोही होतो – ही लागत का नाही म्हणून! माझं काम पोकीजचं. पोकीज म्हणजे इथल्या पबांत, क्लबांत ओळीने मांडलेली जुगाराची मशीनं. बटण दाबायचं, पडद्यावर चित्रांचे पाच खांब गरगरतात, थांबतात, आणि बहुतेक वेळा तुम्ही हरता. मी त्या मशीनचं सॉफ्टवेअर टेस्ट करतो. आईला मी 'गेमिंग कंपनी' एवढंच सांगितलंय. तिला वाटतं, लहान मुलांचे खेळ.

लॉकडाऊन लागला, ऑफिस बंद, क्लब बंद. पण क्लब उघडतील तेव्हा नवं मशीन तयार हवं. मग कंपनीने काय करावं? व्हॅन पाठवून एक अख्खं मशीन माझ्या गराजमध्ये आणून ठेवलं. नोटा गिळायचं तोंड तेवढं काढलेलं. केवढं म्हणता? पुण्यात पेइंग गेस्ट होतो ती खोली याहून लहान होती. गाडी बाहेर उन्हात आणि जुगार आत सावलीत! गुरप्रीत कुंपणावरून ओरडला, "भाई साब, ATM उखाड़ लाए क्या?"

घरात आम्ही चौघं. मी, बायको प्राजक्ता, नुकतीच जन्मलेली मुलगी, आणि सासूबाई. सासूबाई कुडाळजवळच्या एका गावच्या. बाळंतपणाला म्हणून आल्या, आणि सीमा बंद झाल्या त्या झाल्याच. तिकडे सासरे – आप्पा – एकटे. जन्मात चहाचं आधण न ठेवलेला माणूस, पेज आणि लोणच्यावर दिवस काढत होता. रोज व्हिडिओ कॉलवर म्हणायचे, "मी मजेत." सासूबाई फोन ठेवून म्हणायच्या, "ह्येंचा मजेत माका ठावक आसा." आप्पांकडे परत जायचं, एवढा एकच घोर होता त्यांना. डोळ्यांत दिसायचा तो, भांडी घासतानासुद्धा.

मशीन आलं तेव्हा त्यांनी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"जावयबापू, ह्यां कपाट कसलां हाडलात?"

"आई, हे जुगाराचं मशीन."

"बटण दाबलां तर पैसे जातत?"

"नाही, हे टेस्टिंगचं आहे. फुकट."

"मगे दाबूक काय जाता!"

झालं. बाळ दुपारी झोपलं की बाई गराजमध्ये. मी बाजूला टेबलावर लॅपटॉप घेऊन, आणि सासूबाई खुर्चीत बसून सोन्याच्या खाणीचा खेळ खेळतायत! पडद्यावर कुदळी, कांगारू, कंदील आणि सोन्याचा गोळा. माझं टेस्टिंग फुकटात होत होतं, मी कशाला नाही म्हणू?

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, पंगतीच्या भाषेत सांगतो. जुन्या मशीनमध्ये प्रोसेसरला एकच कोअर, म्हणजे एकच आचारी. तोच शिजवणार, तोच वाढणार. त्यामुळे क्रम चुकायचा प्रश्नच नाही. आमच्या नव्या मशीनला चार कोअर – चार आचारी. पहिला फक्त आकडा काढतो, म्हणजे कोणती चित्रं येणार ते ठरवतो. दुसरा ती चित्रं पडद्यावर दाखवतो. तिसरा आवाज, चौथा क्लबच्या कॉम्प्युटरशी गप्पा. चौघं एकाच वेळी कामाला, म्हणून मशीन झकास पळतं. फक्त एक पाळायचं. पहिल्याने शिजवल्याशिवाय दुसऱ्याने वाढायचं नाही.

तर एका arvo-ला, म्हणजे दुपारीच, मला दिसलं की दुसरा आधी वाढतोय. पडद्यावरचे खांब थांबले, आणि पहिल्या कोअरने आकडा काढला तो त्यानंतर.

असे घोळ होतात. त्यासाठीच तर मला पगार मिळतो. पण अशा घोळात पडद्यावर काय यायला हवं? मागचं शिळं चित्र, नाहीतर कचरा. इथे पडद्यावर जे आलं, बरोबर तेच नंतर पहिल्याने काढलं! ताट आधी वाढलं गेलं, आणि मग चुलीवर तोच पदार्थ शिजला.

मी म्हटलं, कोअरची घड्याळं पुढेमागे असतील. दोघांना एकच घड्याळ दिलं. तेच. म्हटलं, मेमरीत जुनं काही उरलं असेल. मेमरी पुसून कोरी केली. तेच. शेवटी मी जालीम उपाय केला. लॅपटॉपवरून पहिल्या कोअरला धरूनच ठेवला. थांब म्हटलं, श्वाससुद्धा घेऊ नकोस. आता आकडा अस्तित्वातच नाही! खांब जन्मभर फिरत राहायला हवेत.

सासूबाईंनी बटण दाबलं. खांब फिरले... आणि शांतपणे थांबले. कुदळ, कांगारू, कुदळ, कंदील, कंदील.

मी चहा घेतला. खरं सांगायचं तर चहा सांडला. मग पहिल्या कोअरला सोडलं. त्याने आकडा काढला – कुदळ, कांगारू, कुदळ, कंदील, कंदील.

भीती? छे. मला तर लहानपणी रेडिओ उघडून आत माणूस शोधायचो तसं झालं. जेवण सुचेना. पुन्हा पुन्हा केलं, दर वेळी तेच. सिडनीच्या साहेबाला, डेव्हला, व्हिडिओ पाठवला. त्याच्याकडच्या तशाच मशीनवर असलं काही होत नव्हतं. म्हणाला, "Nice editing, mate." बघा, भागिले तीनची कीर्ती सिडनीपर्यंत! कॉलवर स्क्रीन शेअर करून दाखवायला गेलो तर मशीन गरीब गाईसारखं वागलं. खांब फिरतच राहिले. डेव्ह म्हणाला, "Get some sleep."

अशात इथला उन्हाळा सरता सरता, म्हणजे फेब्रुवारीअखेर, तिकिटांच्या एजंटचा फोन आला. परतीच्या विशेष विमानात एक जागा आहे, आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगा.

प्राजक्ता रडायलाच लागली. "आई, तिकडे काय चाललंय बघतेस ना? एअरपोर्ट, क्वारंटाइन, गर्दी... तुला काही झालं तर मला इथून निघतासुद्धा येणार नाही."

"आणि तुझ्या बापाशीक काय झालां तर माका?"

"आप्पा मजेत आहेत म्हणतात ना!"

सासूबाई पदर खोचून उठल्या, हातपाय धुतले, तडक गराजमध्ये. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावयबापू, चला. कौल लावचो आसा."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी – देवळात देवाला कौल लावतात. मूर्तीवर दोन्ही बाजूंना कळ्या नाहीतर पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, जमीन, प्रवास, सगळं असं ठरतं. पण जुगाराच्या मशीनला कौल? जगात हे पहिल्यांदा आमच्या गराजमध्ये झालं, पैज लावा.

"आई, अहो हे मशीन आहे."

"देऊळ धा हजार किलोमीटर लांब आसा. ह्यां हंय आसा. आकड्याआधी चित्र येता म्हणून तुम्हीच सांगलात ना?"

ते मीच सांगितलं होतं. जेवताना, जरा रंगवूनच.

सकाळच्या टेस्टिंगमुळे पहिला कोअर तसाच धरून ठेवलेला होता. मी सोडणार होतो, पण त्यांचे हात जोडून झाले होते. गाऱ्हाण्याला कुणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणायला लागतं. तो मान माझा. दारात प्राजक्ता, कडेवर बाळ.

"बा म्हाराजा, तू देव आसस की यंत्र आसस, माका ठावक नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"थंय माझो घोव एकटो आसा, हंय माझी नात आसा, मी मधी अडाकलय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जावचां आसात तर सोन्याचो गोळो उजव्या खांबार दी, रवाचां आसात तर डाव्या खांबार दी, आणि काय इडापिडा आसात ती दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बटण दाबलं. पाच खांब फिरले. थांबले.

गोळा उजव्या खांबावर. एकच. बाकी सगळीकडे कंदील.

सासूबाईंनी पडद्याला नमस्कार केला आणि प्राजक्ताकडे वळल्या. "बॅग काढ." एवढंच. दोघी आत गेल्या, आतून रडण्याचे आणि कपाट उघडण्याचे आवाज एकदम यायला लागले.

मी एकटाच उरलो, बोट लॅपटॉपवर. पहिला कोअर अजून धरलेलाच. आता सोडलं की तोही हेच काढणार, रोजचंच होतं. आणि तेवढ्यात, मंडळी, या अमावास्येला नखं कापणाऱ्याच्या मनात आलं, आपणही विचारून बघू. तोंडाने नाही, मनातल्या मनात. म्हटलं, आम्ही सगळे पुन्हा एकत्र पानावर बसू का? सासूबाई, आप्पा, आम्ही तिघं. बसणार असू तर उजवा, नसू तर डावा.

कोअर सोडला. त्याने आकडा काढला.

गोळा डाव्या खांबावर.

पडद्यावर अजून उजवाच दिसत होता. इतक्या दिवसांत चित्र आणि आकडा वेगळे आले ते तेव्हाच. त्याआधी कधी नाही, त्यानंतरही नाही. नंतर मी बोटं दुखेपर्यंत करून पाहिलं.

आतून प्राजक्ताने हाक मारली, "मंदार, एजंटला हो सांगू ना?" एका शब्दाने सगळं थांबलं असतं. पण काय सांगणार होतो? पडदा जा म्हणतोय आणि प्रोसेसर नको म्हणतोय? प्रश्न तरी एकच होता का? मी ओरडलो, "सांग."

सासूबाई गेल्या. एअरपोर्टवर मास्कमधून बाळाचा पापा घेता येईना, म्हणून तिचे पाय कपाळाला लावले त्यांनी.

मग तिकडे दुसरी लाट आली. ते महिने मी कसे काढले, माझं मला ठाऊक. फोन वाजला की मला डावा खांब दिसायचा. प्राजक्ताला वाटायचं, कामाचा ताण. तिकडे सासूबाई ठणठणीत! क्वारंटाइनमधल्या डाळीला नावं ठेवून झाली, घरी पोचल्या, आणि पहिल्याच दिवशी आप्पांना जळकी पातेली दाखवून असं झापलं की आवाज फोनशिवाय टार्निटला यावा. आप्पा मागे बसून हसत होते. चार महिन्यांत त्यांनी अंग धरलं. मी म्हटलं, चला, प्रोसेसरच चुकला.

ऑगस्टमध्ये एका दुपारी आप्पा जेवले, सोलकढीची वाटी संपवली, आरामखुर्चीत पडले आणि उठलेच नाहीत. कोविड नाही, काही नाही. सीमा बंद, मेलबर्न पुन्हा बंद. प्राजक्ताने बापाचे अंत्यसंस्कार लाउंजमधल्या टीव्हीवर पाहिले. मी शेजारी बसलो होतो. मला सासूबाईंचीच भीती होती. आप्पांचा विचार मी केलाच नव्हता... आणि प्रश्नात तर मीच त्यांचं नाव घेतलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, डावा की उजवा, दोनच तर पर्याय. त्या वर्षात कुठल्याही नाण्याने हे सांगितलं असतं. मान्य. मीही स्वतःला तेच सांगतो. पण नाण्यात आकडा निघण्याआधी चित्र दिसत नाही. आणि दोन आचाऱ्यांनी एकाच फेरीत दोन माणसांना दोन वेगळी ताटं वाढली, ती कुणाच्या सांगण्यावरून?

कंपनीने मशीन परत नेलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये आकड्याआधी चित्र थांबूच नये असं कुलूप घातलं. माझ्या तक्रारीवर डेव्हने 'पुन्हा घडवून आणता आलं नाही' लिहिलं आणि ती बंद केली. सीमा उघडल्यावर आम्ही कुडाळला गेलो. सासूबाईंनी पानं मांडली. सवयीने एक जास्त मांडलं, आणि लगेच उचललं. मनात काय विचारलं होतं ते मी प्राजक्ताला अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचत असेल तर... संध्याकाळी बोलू.

जेवणं झाल्यावर सासूबाई सुपारी कातरत म्हणाल्या, "तां तुमचां मशीन खंय आसा आता?"

"परत नेलं, आई."

"बरां झालां," त्या म्हणाल्या. "माका जां विचारूचां होतां, तां विचारून झालां. धा म्हयने गावले माका ह्येंच्यावांगडा."

दहा नाही, सहाच मिळाले होते. मी दुरुस्त केलं नाही. आमच्याकडे वाढवून सांगायची सवय फक्त मलाच आहे असं नाही.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. प्रोसेसरवाल्यांपैकी कुणाला सुचलं तर खाली लिहा. आणि कृपा करून 'शिळा डेटा' म्हणू नका, मेमरी मी स्वतः पुसली होती.