आमची सामाईक विहीर आणि चुकीचं गेट

मंडळी, पाय अजून चिखलात आहेत, पण आधी हे सांगते. माझं सर्किट चाललं! म्हणजे चुकीचं चाललं, पण लई भारी चाललं.

मी डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. आमच्या बोरी गावात वडील आणि काकांची विहीर सामाईक. मोटर एक, व्हॉल्व्ह दोन, एक आमच्या रानाचा, एक काकांच्या. दोन्ही बंद असताना मोटर चालू झाली की पाइप फुटतो. म्हणून मी मोटरच्या सर्किटमध्ये ऑर गेटची चिप लावायचं ठरवलं. दोघांपैकी कुणाचाही एक व्हॉल्व्ह उघडा असला की मोटर चालणार, नाहीतर नाही.

आज पाण्याची पाळी वडिलांची. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला, स्विच टाकला. मोटर ढिम्म! काका पलीकडून बघत होते. बांधावरून भांडण झाल्यापासून दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत.

मी चिप पाहिली अन् कपाळावर हात मारला. दिसायला सेम, पण अँड गेटची! तिला दोन्ही व्हॉल्व्ह उघडे लागतात.

"काका, तुमचा पण उघडा ना जरा!"

त्यांनी उघडला आणि मोटर घरघरली! मी उड्याच मारल्या.

तेवढ्यात आपल्या पाळीचं पाणी काकांच्या रानात जाताना बघून वडिलांनी रागानं आपला बंद केला. मोटर पुन्हा गप्प.

"दादा, उघड की! पाणी येऊ दे!" काका ओरडले.

"उघडतो रे, बोंबलतो कशाला?" वडील म्हणाले, आणि उघडला.

दोन्ही रानांत पाणी धावलं.

ऑर गेटची चिप माझ्या खिशात आहे. आई म्हणते, "राहू दे खिशातच."

तुमी सांगा राव, बदलू का?